कानगोष्टींच्या रांगेतलं शेवटचं नाव

माझ्या नवऱ्याला वाटतं, माझ्याबद्दलचं सगळं त्याला ठाऊक आहे. एकोणीस वर्षांच्या संसारानंतर तसं वाटणारच. बहिणीलाही वाटतं, मी तिच्यापासून काही लपवत नाही. ही गोष्ट त्या दोघांनाही माहीत नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. उद्या रस्त्यात समोरासमोर आलो तरी मला तोंड चुकवावं लागणार नाही. हाही भित्रेपणाच. असू दे.

तशी गोष्ट मोठी नाही. कुणी मेलं नाही, कुणी पोलिसांत गेलं नाही. ऑफिसची एक सहल होती, सहलीत एक खेळ होता, आणि तो खेळ मी निवडला होता. एवढंच सांगून थांबले तर तुम्ही म्हणाल, मग त्यात काय एवढं? चार वर्षं मीही स्वतःला हेच विचारत आले. उत्तर मला माहीत आहे, म्हणून तर विचारत आले.

माझं माहेर ग्वाल्हेरचं. लग्न होऊन भोपाळला आले. एम. पी. नगरमध्ये आमचं ऑफिस आहे, स्पर्धा परीक्षांची पुस्तकं छापणारी एक मध्यम कंपनी. खाली कोचिंगच्या मुलांची झुंबड, वर दुसऱ्या मजल्यावर आम्ही सव्वीस जण. रजा, हजेरी, नेमणुका, कुणाच्या वाढदिवसाचा केक, कुणाचं भांडण — हे सगळं माझ्याकडे असतं. आणि ऑर्डरच्या टेबलावर असायचे बोकारे काका.

काकांचे वडील नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर इथे आलेले. काका स्वतः मात्र पहिल्यापासून आमच्या कंपनीत. सतना, रीवा, खंडवा, बैतूल — गावोगावचे पुस्तकवाले फोनवर त्यांच्याशी बोलून ऑर्डर द्यायचे. प्रत्येकाच्या घरची खबर त्यांना असायची. बाकीचं ऑफिस त्यांना 'बोकारे जी' म्हणायचं, नवी पोरं 'अंकल'. मी एकटी काका म्हणायचे. दिवसभर हिंदी बोलून कंटाळा आला की मी त्यांच्या टेबलाशी जायचे आणि दोन वाक्यं मराठीत बोलून यायचे. मी नोकरीला लागले तेव्हा मुलगा दीड वर्षाचा होता, आणि मला धड एक पत्रसुद्धा टाइप करता येत नव्हतं. काकांनी शेजारी बसून शिकवलं. कधी हसले नाहीत.

हसले नाहीत — हे लिहिताना थांबले थोडी.

एका रविवारी मी बिट्टन मार्केटला भाजी घ्यायला गेले होते. पलीकडच्या रांगेत कानाच्या मशीनचं एक दुकान आहे. त्यातून काका आणि काकू बाहेर पडताना दिसले. मी हात केला. काकांचा चेहरा एकदम उतरला. काकूंनी हातातली पिशवी पदराआड घेतली. मी दोन शब्द बोलले आणि निघाले, पण मला कळायचं ते कळलं.

आणि मग कितीतरी गोष्टी एकेक करून जागेवर बसल्या. गेलं वर्षभर काका पुस्तकवाल्यांना म्हणायचे, 'भैया, लिखकर भेज दो, गलती नहीं होगी।' फोन वाजला तर उचलायचे, पण बोलणं लवकर आवरतं घ्यायचे. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून बघायचे. आम्हाला वाटायचं, काका किती लक्ष देऊन ऐकतात.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला जिन्यात गाठलं.

"वृंदा, ऑफिसात बोलू नको कुठे," ते म्हणाले. "अजून तीन वर्षं आहेत माझी. घरी लावतो मी मशीन. इथे लावलं की लोक आधी कानाकडे पाहतात, मग माझ्याकडे. अन् ऑर्डरच्या टेबलावर बहिरा माणूस कोण ठेवील?"

मी म्हटलं, काका, काळजी करू नका.

"तोंड दिसलं की मला सगळं समजते," ते म्हणाले. "पाठीमागून बोललं की संपलं."

त्यानंतर दीड वर्ष मी खरंच कुणाला काही बोलले नाही. हे माझ्या बाजूने सांगते आहे का? कदाचित. पण हे खरं आहे, म्हणून सांगते.

मग मालक थकले आणि त्यांचा मुलगा कारभार बघू लागला. आम्ही त्याला छोटे सर म्हणतो. तो बंगळुरूला नोकरी करून आलेला, माणूस वाईट नाही. त्याच्या लक्षात आलं की जेवणाच्या सुट्टीत ऑफिसात दोन टेबलं होतात. एका टेबलावर ऍप आणि डिझाइनवाली तरुण मुलं, दुसऱ्यावर जुने लोक. दोघांत बोलणं नाही. त्याने मला बोलावून सांगितलं की एक दिवस सगळ्यांना बाहेर न्यायचं, टीम बिल्डिंग करायचं. 'बाईस साल से अट्ठावन साल तक, सबके लिए कुछ होना चाहिए। कोई कोने में बैठा न रहे।' आणि हे सगळं ठरवायचं मी.

मला फार आनंद झाला होता. हजेरीच्या कामात कुणी आपलं मत विचारत नाही. मी सगळ्यांना फॉर्म दिला — काय आवडेल, काय जमणार नाही. तरुणांनी लिहिलं, दोरीवर चढणं, रेन डान्स, रंगाच्या बंदुकीची लढाई. जुन्यांनी लिहिलं, हौजी, अंताक्षरी, आणि हिशेबाच्या सक्सेना जींनी नुसतंच लिहिलं, 'दौड़ाना मत।' मी रात्रंदिवस त्याच विचारात. रस्सीखेच काढून टाकली, कारण सक्सेना जींचे गुडघे. लंगडी काढली, कारण डिस्पॅचमधल्या एका बाईला सातवा महिना होता. सामान शोधायचा खेळ ठेवला, पण प्रत्येक टोळीत एक तरुण आणि एक जुना माणूस असा. जुने लोक कंपनीचे जुने किस्से सांगतील आणि तरुणांनी ओळखायचं, खरा कुठला आणि बनवलेला कुठला — हा खेळ माझा मीच शोधला होता. मी चांगलं काम करत होते. एका जागेपर्यंत.

दुपारच्या जेवणानंतरचा एक खेळ राहिला होता. त्या जागी एक सुचला होता: कानाला हेडफोन लावायचे, त्यात मोठ्याने गाणी, आणि समोरचा काय बोलतो ते ओठांवरून ओळखायचं. मी काकांना जाऊन सांगितलं. ते इतके हसले! त्यांना तसं हसताना मी पुष्कळ दिवसांत पाहिलं नव्हतं.

"अग, त्यात तर मी साऱ्यांना हरवीन!"

मग आवाज खाली आणून म्हणाले, "बाकी ते कानात सांगायचं वगैरे काही असलं, तर मला तेवढं बाहेर ठेवजो. चहापाण्याचं पाहतो म्हणून सांग."

"ठेवते काका," मी म्हटलं.

आता पुढचं.

सहलीच्या आदल्या सोमवारी मी तरुणांच्या टेबलाशी गेले. शुभम म्हणून डिझाइनचा मुलगा, पंचविशीचा, तो सगळ्यांचा म्होरक्या. त्याने दोन टीम पाडल्या होत्या आणि कागद मला दाखवला. एका बाजूला 'धुरंधर', दुसऱ्या बाजूला 'दादा-दादी'. दादा-दादीच्या यादीत सक्सेना जी, बोकारे जी, गोदामाचे खान साहब, आणि त्यांच्या खाली — माझं नाव.

मी त्रेचाळीस वर्षांची होते.

मी हसले. काय करणार? त्या पोरांबरोबर बसायला मला आवडायचं. त्यांचे विनोद मला अर्धेच कळायचे, तरी हसायचे. त्याच आठवड्यात कपाळावरचे पांढरे केस लपवायला पार्लरमध्ये जाऊन आले होते. आणि त्या कागदावर मी सक्सेना जींच्या गुडघ्यांशेजारी होते. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीने? हो, एवढ्याशा गोष्टीने.

मग शुभम म्हणाला, मॅम, हेडफोनवाला खेळ जुना झाला, रीलमध्ये सगळ्यांनी पाहिलाय. त्याऐवजी कानगोष्टी ठेवू. रांगेत एकाने दुसऱ्याच्या कानात वाक्य सांगायचं आणि शेवटच्याने मोठ्याने बोलायचं. दोन टीम, दोन रांगा. आणि दादा-दादींच्या रांगेत बोकारे अंकलना शेवटी उभं करू, मजा येईल —

नाही.

मी आत्ता खोटं लिहिलं. बघा, इतकी वर्षं मनात हे असंच सांगत आले, की लिहितानाही हात तिकडेच गेला. हेडफोनचा खेळ जुना झाला एवढंच शुभम म्हणाला होता. कानगोष्टी मी सुचवल्या. आणि 'बोकारे अंकल को लास्ट में रखना, फिर देखना' — हे वाक्य माझं आहे. त्या पोरांना काकांच्या कानाचं काही माहीत नव्हतं. त्यांनी विचारलं, का मॅम? मी भुवया उडवल्या आणि म्हटलं, 'बस देखना।'

ते हसले. एकदम मोठ्याने, मला त्यांच्यात घेऊन हसले. आणि शुभमने पेन काढून माझं नाव खोडलं आणि धुरंधरांच्या यादीत लिहिलं. 'मॅम तो अपनी टीम में हैं।'

मी तो कागद घेऊन माझ्या टेबलाशी आले आणि रांगेचा क्रम नीट टाइप केला. शेवटचं नाव, बोकारे. नीट, कारण टाइप करायला मी चांगली शिकले होते.

फेब्रुवारीतला शनिवार होता. केरवा धरणाच्या बाजूला एक फार्महाऊस घेतलं होतं. ऊन छान होतं. सकाळचे खेळ इतके रंगले की छोटे सर दोनदा येऊन मला शाबासकी देऊन गेले. किश्श्यांच्या खेळात काकांनी कमाल केली. एका पावसाळ्यात पुस्तकांचे गठ्ठे भिजले तेव्हा सगळ्या ऑफिसने गच्चीवर पानं वाळत घातली होती, तो किस्सा त्यांनी असा सांगितला की पोरं म्हणाली, हा बनवलेला. तो खरा होता. शुभमने त्यांना टाळी दिली. दोन टेबलांचं एक टेबल व्हावं म्हणून मी जे ठरवलं होतं, ते माझ्या डोळ्यांसमोर होत होतं.

जेवण झालं. अजून वेळ होता. मी रांगेतून त्यांचं नाव काढू शकत होते. एक वाक्य लागलं असतं — बोकारे जी, जरा चहाचं बघता का? मनात आलंही. मग धुरंधरांनी मला हाक मारली आणि मी त्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिले.

शुभमने नावं वाचली. काका आपल्या जागेवर उभे राहिले, अगदी शेवटी, आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. म्हणजे, आता आठवण होईल हिला, अशा तऱ्हेने. मी नेहा नावाच्या मुलीशी काहीतरी बोलायला लागले.

वाक्य सरकत सरकत सक्सेना जींपर्यंत आलं. त्यांनी काकांच्या कानाशी तोंड नेलं. काकांनी मान वळवली, ओठ दिसावेत म्हणून. आमच्या बाजूने आरडाओरडा झाला, 'चीटिंग! चीटिंग! अंकल, कान दीजिए!' काकांनी कान दिला. सक्सेना जींनी तीनदा सांगितलं. मग काका दोन पावलं पुढे आले. ते थोडं हसले आणि म्हणाले —

"आप सब खुश रहिए।"

वाक्य होतं, बड़े साहब की बकरी छत पर चढ़ गई.

असा हशा पिकला, असा हशा! पोरं गवतावर लोळली. काकाही हसले. त्यांना वाटलं असेल, निभावलं. पण शुभमला आता गंमत चढली होती. तो म्हणाला, एक बार और, आणि स्वतः काकांच्या मागे जाऊन तोंडाशी हाताची नळी करून बोलला. काका तसेच समोर बघत उभे. तो पुन्हा बोलला, जरा मोठ्याने. मग आणखी मोठ्याने. आम्हाला वीस पावलांवर ऐकू येत होतं. काका समोर बघत होते, हसू तसंच चेहऱ्यावर ठेवून, कारण मागे कुणी बोलतंय हेच त्यांना कळलं नव्हतं.

'अंकल को सच में सुनाई नहीं देता क्या?' कुणीतरी म्हणालं.

हसणं एकेक करत थांबलं. छोटे सर खुर्चीतून उठून उभे राहिले होते आणि नीट बघत होते. शुभमचा चेहरा पडला. तो काकांसमोर आला आणि म्हणाला, 'सॉरी अंकल।' ते काकांना कळलं, कारण तोंड दिसत होतं.

आणि मी? हेही सांगायला हवं. सगळ्यांत शेवटी हसायची थांबले ती मी. माझ्या लक्षात आलं तेव्हा माझा एकटीचाच आवाज येत होता.

सोमवारी छोटे सरांनी मला आत बोलावलं. त्यांनी सरळ विचारलं, 'आपको मालूम था?' मी म्हटलं, नाही सर. इतक्या सहज म्हटलं की मलाच नवल वाटलं. ते म्हणाले, एवढं नाजूक टेबल, आणि माणूस इतके दिवस सांगत नाही. दुसऱ्या आठवड्यात काकांना अशोका गार्डन भागातल्या गोदामात बसवलं. काढलं नाही. हुद्दा तोच, खुर्ची दुसरी. बदलीचा कागद मीच टाइप केला.

जायच्या दिवशी काका माझ्या टेबलाशी आले. हातात डबा आणि देवाचा छोटा फोटो, जो त्यांच्या टेबलावर असायचा. मी उठून उभी राहिले. मला वाटलं, आता बोलतील. मला वाटतं, मला ते हवंही होतं.

"विसरली ना ग तू?" ते हळूच म्हणाले. "एवढ्या गडबडीत राहून गेलं असेल, बाप्पा."

मी काय म्हटलं असेल?

"हो काका. विसरले."

"होते असं. मनाला लावून घेऊ नको. सहल लय छान केली तू."

आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून ते जिना उतरले.

गोदामात ते चार महिने होते. तिथे बोलायला कुणी नव्हतं. खान साहब दिवसभर ट्रकच्या मागे, आणि बाकी गठ्ठे. सुरुवातीला त्यांच्या पुस्तकवाल्यांचे फोन ऑफिसात यायचे, बोकारे जी कुठे गेले म्हणून. नव्या मुलीला काय सांगायचं कळायचं नाही, म्हणून ते फोन ती माझ्याकडे द्यायची. मी सांगायचे, त्यांची बदली झाली. पावसाळ्याच्या तोंडाशी त्यांनी राजीनामा पाठवला, दोन ओळींचा. निरोप समारंभाचं विचारायला मी फोन केला. काकूंनी उचलला. म्हणाल्या, नको म्हणतात, गर्दीत त्यांना त्रास होतो आता. मी एकदाही त्यांच्या घरी गेले नाही. अर्ध्या तासाचाही रस्ता नाही.

ऑफिसात मात्र त्या सहलीचं नाव झालं. दर वर्षी खेळ मीच ठरवते. गेल्या वर्षी शुभमने सगळ्यांसमोर सांगितलं की मॅम सबका ध्यान रखती हैं. तो काकांना नंतर दोनदा घरी जाऊन भेटून आल्याचं मला नेहाकडून कळलं. तो गेला. पंचविशीतला मुलगा, ज्याला काहीच माहीत नव्हतं, तो गेला.

मागच्या भाद्रपदात इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला काका भेटले. चार वर्षांत पहिल्यांदा. मी चपला काढत होते, मागून हाक आली, "वृंदा!" वळून बघते तर काका. बारीक झालेले, पण चेहरा उजळ. दोन्ही कानांत मशीन, उघड, सगळ्यांना दिसेल असं.

"आता लपवायचं कोणापासून?" ते म्हणाले. "सारं ऐकू येते. पंख्याचा आवाजसुद्धा. आधीच लावायला पाहिजे होतं."

त्यांनी मला हाताला धरून जेवणाच्या पंगतीत आपल्याजवळ बसवलं. पलीकडे त्यांचे जावई होते, जबलपूरहून आलेले. काकांनी माझी ओळख करून दिली.

"ही वृंदा. साऱ्या ऑफिसात हिला एकटीला माहीत होतं माझ्या कानाचं. दीड वर्ष! पण एका शब्दानं बोलली नाही कुठे. अशी माणसं भेटत नाहीत."

जावयांनी हात जोडले. मीही जोडले.

काकू वाढत होत्या. मसालेभात आला, जिलबी आली. मांडवात त्या वेळी लाऊडस्पीकर बंद होता. आजूबाजूला फारसा गलकाही नव्हता. काका माझ्याकडे वळून बसले होते, मी काहीतरी बोलेन म्हणून वाट बघत. मी कितीही हळू बोलले असते तरी त्यांना ऐकू गेलं असतं.

मी म्हटलं, "काका, मठ्ठा छान झालाय."